एका वाकळेखालची खरूज

'खाजवून खरूज काढणे' हा वाक्प्रचार आपण सगळेच शाळेत शिकलो. मिटलेलं भांडण उकरून काढणाऱ्याला आपण तो लावतो. पण नीट बघितलं तर त्यात कारण आणि परिणाम उलटे बसलेत. खाजवल्यानं खरूज निघत नाही. खरूज झालेली असते म्हणून माणूस खाजवतो. भाषेनं मात्र दोष खाजवणाऱ्याच्याच पदरात टाकून ठेवलाय. 'खरजुलं कुत्रं' ही शिवी तर माणसालाही चालते. आपल्या बेळगावात कन्नड बोलणारा शेजारी 'कज्जी' म्हणतो, तोही आवाज खाली आणून. दोन भाषांचं इतर कशावर एकमत होवो न होवो, या बाबतीत झालंय.

मंडळाच्या अंकासाठी मी हा विषय सुचवला तेव्हा संपादक विद्यार्थिनीनं फार नम्रपणे विचारलं, "सर, दुसरा एखादा विषय नाही का?" तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ललित, कविता, पुस्तकपरीक्षण यांच्या शेजारी खरूज कशी दिसेल, हा प्रश्न रास्तच आहे. पण कोपीतल्या माणसाला जो आजार पाव्हण्यापासून लपवावा लागतो, तो निदान छापील पानावर तरी लपवू नये, असं मला वाटतं.

मी प्राणिशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. औषध कोणाला द्यायचं आणि किती, हे डॉक्टरांनीच ठरवावं. मला जे म्हणायचंय ते औषधाबद्दल कमी आणि ते वाटायच्या पद्धतीबद्दल जास्त आहे.

ऊसतोडीच्या हंगामात आपल्या जिल्ह्यात बीडकडून, विजयपुराकडून टोळ्या येतात. कारखान्याच्या आसपास किंवा गावाबाहेरच्या पडीक रानात कोप्या पडतात. बांबूच्या कमानी, वर ताडपत्री नाहीतर पाचट, आत वाकून जावं लागतं. नवरा-बायकोची एक जोडी म्हणजे 'एक कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची म्हणून दोघंही पहाटे अंधारात फडात जातात. मागं राहतात म्हातारी आणि लेकरं. हे सगळं ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, म्हणजे ऐन थंडीत. उघड्या रानातल्या थंडीत माणसं काय करणार? एकमेकांना चिकटून झोपतात.

चिकोडीकडच्या एका गावात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला मी मुलांबरोबर गेलो होतो. स्वच्छतेवरचं पथनाट्य ठरलं होतं आणि साबणाच्या वड्याही वाटायच्या होत्या. कोप्यांमधल्या बहुतेक लेकरांच्या बोटांच्या बेचक्यांत फोड होते, काहींच्या फोडांत पू झालेला. आमच्या एका विद्यार्थिनीनं एका बाईला विचारलं, "मावशी, लेकरांना रोज साबण लावता का?" त्यावर बाई म्हणाली, "साबण हाय माय, पाणी कुठंय? अन् अंगाच्या मळानं खाजत असतं तर दिसा बी तेवढंच खाजलं असतं. हे रातीला उठतंय. एकाला झालं की समद्यायला होतंय. आमी सात जण दोन गोधड्यांत निजतो."

तिची गोधडी म्हणजे आपली वाकळ. त्या चार-पाच वाक्यांत खरजेचं निदान, प्रसार आणि उपचाराची दिशा, सगळं येऊन गेलं होतं. पथनाट्यात त्यातलं काहीच नव्हतं.

तिचं म्हणणं शास्त्राशी कसं जुळतं ते सांगतो. खरजेचा किडा म्हणजे सार्कॉप्टिस स्केबिआय. हा खरं तर कीटक नव्हेच. याला आठ पाय, म्हणजे नातं कोळ्याशी आणि गोचिडीशी. मादी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान, डोळ्यांना जेमतेम ठिपक्यासारखी. ती कातडीच्या अगदी वरच्या थरात आडवं बीळ खणत जाते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात. साध्या खरजेच्या रुग्णाच्या अंगावर असे किती किडे असतील? हजारो, असं कोणालाही वाटेल. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ केनेथ मेलनबी यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेकडो रुग्णांच्या अंगावरचे किडे अक्षरशः मोजले. सरासरी निघाली ११ च्या आसपास. एवढ्याशा पाहुण्यांसाठी माणूस रात्रभर जागतो, कारण खाज किड्याच्या चालण्याची नसते. किडा, त्याची अंडी, त्याची विष्ठा यांच्यावर आपलं शरीर चिडतं, त्याची ती खाज असते.

या चिडण्याला वेळ लागतो, आणि माझ्या मते साऱ्या प्रश्नाची किल्ली इथं आहे. पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस तो ठणठणीत दिसतो, 'मला काही नाही' म्हणतो, आणि रोज रात्री शेजारच्याला किडे देत असतो. एकदा होऊन गेलेल्याला पुन्हा लागण झाली तर मात्र एक ते चार दिवसांतच खाज सुरू होते. म्हणजे एका वाकळेखाली सात जण असतील आणि तिघं खाजवत असतील, तर उरलेले चौघं निरोगी आहेत असं समजणं धोक्याचं आहे. त्यांची पाळी अजून आलेली नाही, एवढंच.

ओळखायला प्रयोगशाळा लागते का? नाही लागत. रात्री वाढणारी खाज, घरात आणखी कोणाला तरी तशीच खाज, आणि ठरावीक जागी पुरळ, या तीन गोष्टी जुळल्या की खरजेचा संशय पक्का धरावा. जागा म्हणजे बोटांच्या बेचक्या, मनगटाची आतली बाजू, कोपर, काख, बेंबीभोवती, कंबर, ढुंगण. पुरुषांमध्ये गुप्तांगावरचे फोड, बायकांमध्ये स्तनाग्रांभोवतीचे. तान्ह्या बाळांचं मात्र वेगळं असतं, त्यांच्या तळहातांवर, तळपायांवर, डोक्यावरसुद्धा येतं. नशिबानं एखादी बारीक नागमोडी रेघ दिसली तर ते बीळच. काळ्या-सावळ्या, उन्हानं रापलेल्या, खाजवून ओरबाडलेल्या कातडीवर ती रेघ दिसणं अवघड असतं. पुस्तकांतले फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात, त्यावर विसंबू नये. नायटा आणि खरूज यांत घोटाळा होतो, पण नायटा गोल चकत्यांनी पसरतो आणि अख्ख्या घराला एकाच महिन्यात रात्रीचं जागं करत नाही.

त्या बाईनं सांगितलं ते तुम्हाला योगायोग वाटला असेल तर थोडा इतिहास सांगतो. १६८७ मध्ये जोव्हान्नी कोसिमो बोनोमो या इटालियन वैद्यानं, चेस्टोनी या औषधविक्या मित्राबरोबर, सूक्ष्मदर्शकाखाली हा किडा पाहून त्याचं वर्णन एका पत्रात केलं. त्या पत्रात तो सांगतो की गरीब बायका आपल्या खरजुल्या पोरांच्या कातडीतून टाचणीच्या टोकानं काहीतरी काढताना दिसतात. म्हणजे वैद्याच्या आधी आईला माहीत होतं. पुढं दीडशे वर्षं मोठमोठे डॉक्टर किड्याचं अस्तित्वच मानेनात, रक्तदोष वगैरे सांगत बसले. शेवटी १८३४ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात रेनुची नावाच्या कॉर्सिकन विद्यार्थ्यानं सगळ्यांसमोर रुग्णाच्या हातातून सुईनं किडा काढून दाखवला. ही युक्ती तो कुठं शिकला? कॉर्सिकातल्या खेड्यांतल्या बायकांकडून. आमच्या मुलांनी सर्वेक्षणाचा कागद भरताना 'आईला काय वाटतं' असाही एक रकाना ठेवावा, असा माझा आग्रह आहे तो यामुळं.

आता उपचाराकडं येतो. परमेथ्रिन ५ टक्के हे मलम चांगलं आहे. मोठ्या माणसानं गळ्यापासून तळपायापर्यंत, नखांखाली, बेचक्यांत, एकही जागा न सोडता रात्री लावायचं आणि आठ ते चौदा तासांनी धुवायचं. आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. लहान लेकरांना आणि गरोदर बायकांनाही डॉक्टर ते देऊ शकतात, अगदी तान्ह्यांसाठी गंधकाचं मलमही आहे. मग अडतं कुठं? एका ट्यूबमध्ये साधारण ३० ग्रॅम असतं आणि मोठ्या माणसाच्या सर्वांगाला एका वेळी जवळपास तेवढं लागतं. त्या कोपीचा हिशेब करा की. तीन मोठी माणसं आणि चार लेकरं. लेकरांना निम्मं धरलं तरी एका रात्रीला पाच ट्यूबा, दोन वेळचे दहा. प्रत्यक्षात सरकारी दवाखान्यातून एका लेकराच्या नावानं एक ट्यूब मिळते. ती मग 'जिथं खाजतंय तिथं' बोटभर लावत सात जणांत पुरवली जाते. पुढच्या महिन्यात तीच बाई परत आली की तिला ऐकवतात, "सांगितल्यासारखं करत नाहीत हे लोक." सात जणांच्या आजाराला एका माणसाचं औषध देऊन वर हे ऐकवायचं, याचा मला राग येतो.

दवाखाना लांब असला तर मेडिकल दुकान जवळ असतं. तिथं स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेलं मलम हातावर ठेवतात. स्टिरॉइडनं खाज दोन दिवसांत बसते, बाई दुकानदाराला दुवा देते. किडे मात्र सुखात असतात, आणि पुरळाचं रूप असं बदलतं की पुढं डॉक्टरलाही ओळखू येत नाही. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे. नियम दुकानाच्या आत असतो, गिऱ्हाईक काउंटरच्या बाहेर.

"खरजेनं कोण मरतंय?" असं बोलणारे भेटतात. खाजवून झालेल्या जखमांत जंतू शिरतात. स्ट्रेप्टोकॉकस शिरला तर काही लेकरांच्या मूत्रपिंडाला सूज येते. मग सकाळी तोंड सुजलेलं दिसतं, लघवी कोऱ्या चहासारखी होते. अशा वेळी थांबू नये, लेकराला थेट मोठ्या दवाखान्यात न्यावं. आणि मरणाचं सोडा, रात्र रात्र न झोपलेलं पोर सकाळी शाळेत काय शिकणार, आणि न झोपलेली आई पहाटे चार वाजता कोयता कसा चालवणार?

यानंतर येतो तो ठरलेला सल्ला, घरातले सगळे कपडे, अंथरुणं, पांघरुणं उकळत्या पाण्यात धुवा. पिण्याचं पाणी टँकरनं येतं तिथं हा सल्ला देताना जीभ कशी अडखळत नाही? बरं, तो तेवढा गरजेचा तरी आहे का? मेलनबींनी १९४१ पासून शेफील्डमध्ये, युद्धात लढायला नकार दिलेल्या स्वयंसेवकांवर प्रयोग केले. रुग्णांनी वापरलेल्या, न धुतलेल्या घोंगड्यांत त्यांना झोपवलं, रुग्णांचे आतले कपडे घालायला दिले. खरूज झाली ती फार थोड्यांना. रुग्णांच्या शेजारी झोपलेल्यांना मात्र झाली. खरूज प्रामुख्यानं अंगाला अंग लागून पसरते. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडं तग धरत नाही. म्हणून अंगावरचे आणि अंथरुणातले कपडे धुता आले तर उत्तमच, नाहीतर प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून तीन-चार दिवस बाजूला ठेवले तरी काम होतं. खताची रिकामी पोती मात्र त्यासाठी वापरू नयेत, हे आपलं जाता जाता. फक्त ज्यांच्या अंगावर जाड पापुद्रे धरतात अशी एक दुर्मिळ, जबर खरूज असते, तिच्यात किडे हजारो-लाखोंनी असतात. तिथं कपड्यांचीही काळजी घ्यावी लागते आणि उपचार रुग्णालयातच.

मलमाला पर्याय आहे आयव्हरमेक्टिनची गोळी. वजनाप्रमाणे एक डोस, आठवड्या-दोन आठवड्यांनी दुसरा. १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या लेकरांना आणि गरोदर बायकांना ती देत नाहीत, त्यांना मलम. फिजीमध्ये बेटांचे तीन गट करून याची परीक्षा घेतली, निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले. एका गटात नेहमीसारखं, म्हणजे रुग्ण आणि त्याच्या संपर्कातले यांनाच मलम दिलं. वर्षभरानं खरजेचं प्रमाण ३७ टक्क्यांवरून १९ वर आलं. दुसऱ्या गटात सगळ्यांना मलम दिलं, ४२ वरून १६. तिसऱ्यात सगळ्यांना गोळी दिली, ३२ वरून २. खाजवणारा, न खाजवणारा असा भेद न करता सगळ्यांना दिलं, म्हणून हा फरक पडला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं, आणि २०१९ मध्ये खरजेसाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली.

ही गोळी तुम्हाला नावानं आठवत असेल. करोनात आठवत नसेल तर विशेष. २०२१ च्या मे महिन्यात शेजारच्या गोव्यात १८ वर्षांवरच्या सगळ्यांना ती वाटण्याची घोषणा झाली होती. जागतिक आरोग्य संघटना तेव्हाही 'करोनासाठी नको' म्हणत होती. ज्या आजारावर तिचा उपयोग सिद्ध नव्हता त्यासाठी सगळ्यांना द्यायला आपण निघालो, आणि ज्या आजारावर ती हमखास चालते त्याच्यासाठी एका घराला एक ट्यूब! वाटायची यंत्रणा नाही म्हणावं तर तसंही नाही. जंतनाशक गोळी अंगणवाडीत, शाळेत एका दिवशी सगळ्या लेकरांना देतात, पोटात जंत आहेत का हे आधी तपासत बसत नाहीत. आपल्याच राज्यातल्या यादगीर जिल्ह्यात हत्तीरोगासाठी तीन औषधं घरोघर जाऊन दिली, त्यातलं एक आयव्हरमेक्टिनच होतं. मग ऊसतोडीच्या तळावर, वीटभट्टीवर, वसतिगृहात हे का होऊ नये?

यावर एक आक्षेप मला एका मित्रानं घेतला, तो वजनदार आहे. तो म्हणाला, "गोळ्या वाटशील, पण कोपी तीच, सात जणांच्या दोन गोधड्या त्याच. पुढच्या वर्षी परत खरूज. आधी घरं द्या, पाणी द्या." घरं आणि पाणी द्यायलाच हवं, याबद्दल वाद नाही. पण घर मिळेपर्यंत लेकरानं खाजवत बसावं, असं त्याचा मुक्काम न सांगता सांगतो. फिजीतही लोकांची घरं बदलली नव्हती. सरसकट औषधानं किडे ऐकेनासे होतील ही भीती मला त्याहून खरी वाटते, परमेथ्रिनला दाद न देणाऱ्या खरजेच्या तक्रारी वाढताहेत. पण थोडं थोडं, अर्धवट, ज्याला खाजतंय त्यालाच देत राहणं हा त्या भीतीवरचा उपाय नव्हे.

वसतिगृहांबद्दल लिहिल्याशिवाय थांबवत नाही, कारण हा अंक वाचणारे निम्मेजण हॉस्टेलवर राहतात. माझ्या माहितीतल्या एका वसतिगृहात (आपल्या नव्हे) मुलाला खरूज झाली की 'बरा होऊन ये' म्हणून घरी धाडतात. तो एसटीनं गावी जातो, भावंडांमध्ये झोपतो, आठ दिवसांनी एक ट्यूब संपवून परततो. इकडं त्याच्या खोलीतल्या तिघांवर उपचार झालेला नसतो. तो त्यांच्याकडून घेतो, त्याची भावंडं त्याच्याकडून. यात त्या पोराचं नाव मात्र वर्षभर 'खरजुल्या' पडतं. रेक्टरसाहेबांनी त्याऐवजी डॉक्टरांना बोलावून खोलीतल्या चौघांना, खरं तर त्या मजल्यालाच, एका रात्री औषध दिलं तर कोणाला कोणी नाव ठेवायचा प्रश्नच राहत नाही. आणि एक नक्की सांगून ठेवावं, औषध लागू पडलं तरी खाज दोन-चार आठवडे रेंगाळते. किडे मरतात, शरीराचं चिडणं शमायला वेळ लागतो. हे आधी सांगितलं नाही तर पोरं 'औषध फुकट गेलं' म्हणून परत दुकानातल्या त्या मलमाकडं वळतात.

दिवाळीनंतर टोळ्या येतील. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांशी बोलणं झालंय. औषध द्यायचं त्यांनी, कोप्यांची यादी करायची आपण. यादी माणसागणिक नको, एकत्र झोपणाऱ्यांच्या गटागणिक हवी. कोण किती वजनाचं, कोण गरोदर, कोण तान्हं, हे त्यात आलंच पाहिजे, म्हणून दोन वजनकाटे लागतील. प्राणिशास्त्र विभागाकडं एक आहे, दुसरा कोणीतरी घरून आणा. जायचं ते संध्याकाळी साडेसातनंतर, दिवसा कोप्यांत मोठं माणूस सापडत नाही. बायकांच्या अंगावरचं बघायला, विचारायला मुलीच हव्यात. विजयपुराकडच्या टोळ्यांत मराठी चालणार नाही, त्यामुळं कन्नड येणारे चार-पाच जण आत्तापासून नावं द्या. साबणाच्या वड्या उरल्यात, त्याही नेऊ.